ब्राऊझर गेममधली रात्र: काळा पडदा काढ, आधी दिवे ठरव

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की तू सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेवर ब्राऊझरमध्ये चालणारा छोटा गेम करतोयस, वरून दिसणारा टूडी, साध्या कॅनव्हासवर, म्हणजे ब्राऊझर कोडनं चित्र काढायला जो कोरा कागद देतो त्यावर, तयार कोडची लायब्ररी कुठलीच नाही, आणि रात्र दाखवायला सगळ्या सीनवर ८० टक्के काळा आयत टाकून दिव्यांच्या जागी गोल भोकं पाडलीस, तर आता सगळं राख फासल्यासारखं दिसतंय, दिवे दिव्यांसारखे वाटत नाहीत आणि वर फोनवर गेम अडखळतोय. मी १२ वर्षं ब्राऊझर गेमच करतोय आणि त्यातलं मला सगळ्यात जवळचं काम हेच, रात्रीचं, त्यामुळं उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

कोडला हात लावायच्या आधी एक काम कर. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाला किल्ल्याच्या बाजूला जाऊन उभा रहा, तास-दीड तास, अंधार पडायच्या आधीपासून. फोटो काढू नको, फोनचा कॅमेरा रात्र स्वतःच्या मनानं उजळवतो आणि तेच तुला खरं वाटायला लागतं. नुसतं बघ. आकाश काळं नसतंच, शहराच्या वर ते मळकट तांबूस असतं आणि त्याच्या वर गडद निळं. दोन खांबांच्या मधली जागा पण काळी नसते, तिथं माणूस चालताना कळतो, फक्त त्याच्या शर्टचा रंग कळत नाही. खांबाखालून माणूस गेला की सावली पायाशी गोळा होते, मग पुढं लांबत जाते, आणि पुढचा खांब जवळ आला की त्याची दुसरी सावली मागं पडायला लागते, थोडा वेळ दोन्ही सावल्या असतात, एक विरते एक गडद होते. हे तीन मिनिटं नीट बघितलंस तर गेममध्ये काय काय नाहीये याची यादी तुझी तुलाच मिळेल.

आता मुद्दा. काळा पडदा टाकून रात्र होत नाही कारण पडदा सगळ्याच रंगांना सारखाच मारतो. आकडे घेऊन बघू की. स्क्रीनवरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांचा, प्रत्येक ० ते २५५. समज एका भिंतीचा दिवसाचा रंग लाल २००, हिरवा १८०, निळा १५० आहे. त्यावर ८० टक्के काळा टाकला की उरतं ४०, ३६, ३०. म्हणजे तीच पिवळट भिंत, फक्त मेलेली. आता तीच भिंत रात्रीच्या प्रकाशानं गुणून बघ, प्रकाशाचा रंग धर लाल ४०, हिरवा ४८, निळा ९०. गुणाकार करून २५५ नं भागायचं, उत्तर येतं ३१, ३४, ५३. भिंत जवळपास तितकीच अंधारी आहे पण आता ती निळी झुकलीय, डोळ्याला लगेच रात्र वाटते. सगळी गोम या गुणाकारात आहे. खऱ्या जगात पण हेच होतं, वस्तूचा रंग गुणिले तिच्यावर पडणारा प्रकाश. म्हणून तू अंधार रंगवायचाच नाही, तू प्रकाश रंगवायचास, आणि जिथं प्रकाश पोचत नाही तिथं अंधार आपोआप उरतो. माझ्या सगळ्या गेममध्ये मी आधी दिव्यांची यादी करतो, कुठला दिवा, कुठं, किती उंच, काय रंगाचा, कोण लावतो, किती वाजता लागतो. ती यादी बरोबर असली की निम्मं काम झालं.

करायचं कसं ते सांगतो. मेन कॅनव्हासवर सीन दिवसासारखा पूर्ण काढ. बाजूला दुसरा कॅनव्हास ठेव, स्क्रीनवर न दिसणारा, त्याला आपण लाइटमॅप म्हणू. दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर नवं चित्र उमटतं त्या प्रत्येक वेळी, लाइटमॅप आधी रात्रीच्या बेस रंगानं भर, तो वरचा ४०-४८-९० वाला. मग ग्लोबल कॉम्पोझिट ऑपरेशन, म्हणजे नवं चित्र जुन्यात कसं मिसळायचं ते सेटिंग, लायटर करून एकेक दिवा त्यावर काढ, लायटर म्हणजे बेरीज, दोन दिव्यांचा उजेड एकमेकांवर पडला की वाढतो, जसा खरंच वाढतो. शेवटी हा लाइटमॅप मेन कॅनव्हासवर मल्टिप्लाय, म्हणजे गुणाकाराच्या, मोडमध्ये एकदाच टाक. झालं. तू जी भोकं पाडतोस ती डेस्टिनेशन आउट या खोडणाऱ्या मोडनं पाडतोस असं दिसतंय, ती पद्धत वाईट नाही, पण तिच्यात भोकातून दिवस दिसतो, आणि दिवसाला दिव्याचा रंग नसतो, म्हणून तुझे दिवे दिव्यांसारखे वाटत नाहीयेत. बेरजेत एक सांभाळ, २५५ च्या वर काही जात नाही, त्यामुळं पाच-सहा दिवे एका जागी आले की सगळं पांढरंफटक होतं. गड्ड्यात स्टॉलला स्टॉल लागून असतात, तिथं तुला हा त्रास होणारच, म्हणून एकेका स्टॉलचा दिवा मंदच ठेव, २५५ ऐवजी १२०-१३० च्या आसपास, आणि उजेड बेरजेतून वाढू दे.

दिव्याचा गोळा काढताना बहुतेक जण रेडियल ग्रेडियंट, म्हणजे मधून कडेकडं बदलत जाणारा गोल रंग, घेतात, मधे पूर्ण उजेड कडेला शून्य, रंग ठरवून दिलेले दोनच थांबे, आणि मग विचारतात की कडेला वर्तुळ उठून का दिसतं. सरळ रेषेत उतरणारा उजेड कडेला अचानक थांबतो आणि आपला डोळा असा तुटका उतार बरोबर पकडतो. त्रिज्येचं अंतर शून्य ते एक धरलंस तर एक वजा अंतराचा वर्ग, आणि त्या सगळ्याचा परत वर्ग, असं सूत्र वापर. मधे एक, पाव अंतरावर ०.८८, निम्म्यावर ०.५६, पाऊण अंतरावर ०.१९ आणि कडेला शून्य, हे पाच थांबे ग्रेडियंटमध्ये घातलेस की कड कुठं संपली ते कळतच नाही. भौतिकशास्त्रात उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो हे खरंय, पण तो कधीच पूर्ण शून्य होत नाही आणि गेममध्ये प्रत्येक दिव्याला कुठंतरी संपवावंच लागतं, म्हणून मी हा सोयीचा उतार वापरतो. अंधाऱ्या भागात तरीही पट्टे दिसतील, कारण एका रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या आणि रात्रीत त्यातल्या खालच्या ४०-५० च वापरात येतात. त्यावर उपाय म्हणजे १२८ बाय १२८ ची बारीक दाणेदार टाइल एकदा बनवून लाइटमॅपवर अगदी दोन-तीन आकड्यांच्या फरकानं पसरवायची. दाणे दिसत नाहीत, पट्टे मात्र जातात.

रंगांवर थोडा जास्त वेळ घालव, कारण सोलापूरची रात्र ओळखू येणार ती रंगातूनच. जुना सोडियमचा दिवा साधारण २००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड तांबूस), नारिंगी, मी त्याला २५५-१६०-६० धरतो. साधा पिवळा बल्ब २७०० केल्विन, जरा मवाळ. ट्यूबलाइट आणि रस्त्यावरचे नवे एलईडी पांढरे, निळसर झाक असलेले. एकाच रंगाचे सगळे दिवे लावलेस तर सीन सपाट दिसेल, आणि सगळे रंग सगळीकडं फेकलेस तर लग्नाचा मंडप दिसेल, म्हणून रस्त्याला एक रंग दे, स्टॉलला दुसरा, देवळाला तिसरा, आणि ते पाळ. तुझ्या गेममध्ये बाराबंदी, म्हणजे यात्रेतला पांढरा पारंपरिक अंगरखा, घातलेले भक्त आहेत म्हणालास, हे तर सोनं आहे, कारण पांढरा कपडा ज्या दिव्याखाली जाईल त्याचा रंग घेतो. सोडियमखाली नारिंगी, एलईडीखाली निळसर, आणि दोन्हींच्या मधे उभा राहिला तर एक खांदा असा एक तसा. गुणाकाराच्या पद्धतीत हे तुला फुकट मिळतं, फक्त बाराबंदीचा स्प्राइट, म्हणजे गेममधलं हलणारं छोटं चित्र, काढताना तो खरोखर पांढऱ्याच्या जवळ ठेव, त्यात आधीच क्रीम रंग आणि उन्हाची सावली रंगवलेली नको. हे सगळ्याच चित्रांना लागू आहे, दिवसाच्या उन्हाची सावली चित्रातच रंगवलेली असली तर रात्री दिवा डावीकडं आणि सावली पण डावीकडं असा गोंधळ होतो. चित्रं शक्यतो ढगाळ दिवसासारखी काढ, उजेड कोडनं पडू दे.

आणि चांदणं. सगळे जण चांदणं निळं करतात, मी पण करतो, पण कारण माहीत असू दे. चंद्राचा उजेड म्हणजे परावर्तित ऊनच, मोजला तर तो उन्हापेक्षा किंचित पिवळाच भरतो. लक्स या मापानं भर उन्हात जमिनीवर लाखभर लक्स उजेड असतो आणि पौर्णिमेच्या रात्री जेमतेम पाव लक्स. इतक्या कमी उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मागं पडतात आणि दुसऱ्या पेशी काम करतात, त्या ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्याला सगळ्यात जास्त दाद देतात, दिवसा हीच जागा ५५५ ला असते. म्हणून रात्री लाल फूल काळं दिसतं आणि निळं उठून दिसतं. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १९ व्या शतकात हे टिपलं, त्यांच्या नावानंच हा परिणाम ओळखला जातो. गेममध्ये याचा अर्थ एवढाच, की दिव्यापासून लांब असलेल्या भागात नुसता निळा रंग गुणू नको, रंगांचा जोर पण उतरव. कॅनव्हासवर सोपं आहे, सॅच्युरेशन ब्लेंड मोडमध्ये राखाडी रंग ३०-४० टक्के पारदर्शकतेनं सीनवर टाक, दिव्यांच्या जवळ नाही, लांबच. आणि एक गंमत, यात्रा संक्रांतीला, म्हणजे सूर्याच्या हिशोबानं, त्यामुळं दरवर्षी तेव्हा चंद्र वेगळ्याच कलेचा असतो. एका वर्षी चांदणं तर एका वर्षी मिट्ट. तू गेम उघडल्याच्या तारखेवरून चंद्राची कला काढून बेस रंग बदललास तर खेळणाऱ्याला दरवेळी वेगळी रात्र मिळेल, चांद्रमास २९.५३ दिवसांचा धरून हिशोब चार ओळींचा आहे.

मल्टिप्लायची एक मर्यादा आहे, त्यानं कुठलीच गोष्ट मूळ चित्रापेक्षा जास्त उजळ होत नाही. पण दिव्याची काच, खिडकी, स्टॉलवरची पाटी, हे स्वतःच उजेड देतात, त्यांना गुणून चालत नाही. म्हणून क्रम असा ठेव, आधी सीन, मग लाइटमॅप गुणून, मग त्याच्या वर पेटत्या गोष्टी लायटरमध्ये, आणि प्रत्येकाभोवती छोटासा धुरकट गोळा, आणि सगळ्यात शेवटी स्कोअर बटणं वगैरे, म्हणजे ती अंधारात जात नाहीत. जानेवारीत मैदानावर धूळ आणि तळणाचा धूर असतो, त्यामुळं हा गोळा जरा मोठा चालतो, पावसाळ्याच्या सीनमध्ये मी तो लहान ठेवतो. आकाशपाळण्याला २०० बल्ब असले तरी २०० दिवे करू नको बरं का, बल्ब नुसते पेटते ठिपके म्हणून काढ आणि जमिनीवर उजेड पाडायला अख्ख्या पाळण्याचा एकच मोठा मंद गोळा दे, त्याचा रंग पाळण्याबरोबर हळूहळू बदलू दे. कुणाला फरक कळत नाही आणि फोन वाचतो.

सावल्या. इथं लोक घाबरतात पण वरून दिसणाऱ्या गेममध्ये हे अवघड नाही. भिंतीची प्रत्येक कड म्हणजे दोन टोकं. दिव्यापासून त्या दोन टोकांकडं रेषा काढ, त्या तशाच पुढं दिव्याच्या त्रिज्येबाहेर ताण, चार बिंदूंचा चौकोन झाला, तो काळा भर. एवढंच. पण, आणि हे ठळक लक्षात ठेव, हे काळं भरणं थेट लाइटमॅपवर करायचं नाही. केलंस तर एका दिव्याची सावली दुसऱ्या दिव्याचा उजेड पण पुसून टाकते. प्रत्येक दिव्याला एक तात्पुरता छोटा कॅनव्हास, त्यावर गोळा, त्यावर त्याच दिव्याच्या सावल्या, आणि मग तो लाइटमॅपमध्ये बेरजेनं. मी यात माझ्या दुसऱ्या गेमला आठवडा घालवलाय, सावल्या बरोबर होत्या आणि तरी चौकात मधोमध काळे त्रिकोण यायचे, कारण मला हे एक माहीत नव्हतं.

माणसांच्या सावल्या मात्र भिंतीसारख्या अनंत लांब नसतात, त्यांना उंचीचा हिशोब लागतो. दिवा २० फुटांवर, माणूस साडेपाच फुटी, खांबापासून १० फूट लांब. सावलीची लांबी म्हणजे १० गुणिले साडेपाच भागिले साडेचौदा, पावणेचार फुटांच्या आसपास. माणूस २० फुटांवर गेला की साडेसात फूट. म्हणजे अंतर गुणिले माणसाची उंची, भागिले दिव्याची उंची वजा माणसाची उंची. आता तुझ्या गेममध्ये मानाच्या काठ्या आहेत, नंदीध्वज, त्या जर खांबातल्या दिव्यापेक्षा उंच असतील तर भागाकारात खाली शून्य किंवा ऋण येतं, सावली संपतच नाही, तिथं तिला दिव्याच्या त्रिज्येपाशी कापावं लागेल. हे कोडमध्ये तपासून घे नाहीतर पहिली काठी दिव्याखाली आली की स्क्रीनभर काळी रेघ मारेल. पण जमलं ना, की खांबाखालून काठी जाताना तिची लांबच लांब सावली रस्त्यावरून घड्याळाच्या काट्यासारखी फिरते, आणि सात काठ्या एकामागून एक गेल्या की सात सावल्या फिरतात, ते बघायला मला स्वतःला फार आवडेल.

तलावाचं पाणी. याच्यासाठी मी इतकं लिहितोय खरं तर, कारण देऊळ तलावाच्या मधोमध आहे आणि तुझ्या गेममध्ये पाणी नुसतं काळं निळं सपाट आहे. पाण्यात दिव्याचं प्रतिबिंब गोल नसतं, ते बघणाऱ्याकडं येणारा लांब पट्टा असतो, कारण छोट्या लाटांचे उतार वेगवेगळ्या जागी तोच दिवा आपल्याकडं वळवतात. वारा पडला की पट्टा आखूड आणि घट्ट, वारा सुटला की लांब आणि तुटक. करायचं असं, की काठावरच्या प्रत्येक दिव्याचा गोळा पाण्याच्या थरावर खालच्या दिशेनं सहा ते आठ पट ताणून काढ, रुंदी निम्मी कर. मग पाण्याचा अख्खा थर दोन-दोन पिक्सेलच्या आडव्या पट्ट्यांमध्ये काप आणि प्रत्येक पट्टी साइनच्या, म्हणजे लाटेसारख्या वर-खाली होणाऱ्या गणिती वक्राच्या, हिशोबानं डावी-उजवीकडं एक ते चार पिक्सेल सरकव, काठाजवळ कमी, आपल्याकडं येताना जास्त. एकच साइन वापरलीस तर पाणी जेलीसारखं हलतं, दोन वेगळ्या वेगाच्या साइन मिळव, एकाचा वेग दुसऱ्याच्या साधारण १.६ पट ठेव, पूर्णांकी पट नको. आणि अधूनमधून एखादी पट्टी काढूच नको, तिथं पट्टा तुटतो आणि पाणी एकदम खरं वाटतं. पाण्यावर लाइटमॅप गुणायचा नाही हे पण बघ, पाण्याला स्वतःचा रंग रात्री जवळजवळ नसतोच, त्यात दिसतं ते आकाश आणि दिवे. तुझा गेम पूर्ण वरून बघायचा आहे, हिशोबानं तर वरून प्रतिबिंब असं दिसणार नाही, पण आपण काठावर उभं राहून बघितलेलं तळं डोक्यात असतं, तेच दाखव.

यात्रेतलं शोभेचं दारूकाम तू शेवटच्या लेव्हलला ठेवलंयस, तिथं उजेडाचा सगळा खेळ उलटा होतो. बार आकाशात फुटला की दिवा वरून येतो, म्हणजे बेस रंगच क्षणभर बदलतो, ४०-४८-९० वरून एकदम १४०-११०-९० वर उडी आणि मग पाऊण सेकंदात हळूहळू खाली. चढताना एका फ्रेममध्ये, उतरताना सावकाश, उलटं केलंस तर बल्ब लावल्यासारखं वाटतं. ठिणग्या लायटरमध्ये काढ, आणि प्रत्येक फ्रेमला ठिणग्यांचा थर पूर्ण न पुसता थोडासाच फिका कर, म्हणजे शेपट्या आपोआप येतात. आवाज उशिरा येऊ दे, हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, खेळणारा ५०० मीटरवर असेल तर उजेडानंतर दीड सेकंदानं. आणि एक जबाबदारीची गोष्ट, अख्खा स्क्रीन सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखवायचा नाही. वेबवर सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे जे नियम आहेत त्यात हीच मर्यादा दिलीय, अपस्माराचा त्रास असलेल्या माणसाला जोरात लुकलुकणाऱ्या स्क्रीननं झटका येऊ शकतो. ब्राऊझर तुला सांगतो की या माणसानं हालचाल कमी ठेवा असं सेटिंग केलंय, ते वाच आणि अशा वेळी लखलखाट बंद करून नुसत्या ठिणग्या दाखव.

दिवा थरथरवायला दर फ्रेमला रँडम आकडा घेऊ नको. त्यानं दिवा बिघडलेल्या टीव्हीसारखा होतो. पणती थरथरते ती सावकाश, दोन-तीन साइन मिळवून, आठ-दहा टक्के वर-खाली, आणि उजेड कमी होताना त्रिज्या पण जराशी कमी. ट्यूबलाइटचं वेगळं. मी सोलापूरच्या पूर्व भागात लहानाचा मोठा झालो, घराशेजारी लूमचा, म्हणजे मागांचा, कारखाना, रात्रपाळीला त्याच्या सिमेंटच्या जाळीतून ट्यूबचा उजेड समोरच्या बोळात पडायचा, चौकोन चौकोन, आणि आत कुणी फिरलं की ते चौकोन एकेक करून विझायचे आणि परत लागायचे. ट्यूबचा स्टार्टर गेलेला असला की दोनदा लुकलुक, मग बराच वेळ काहीच नाही, मग परत. हे गेममध्ये करायला अगदी सोपं आहे, दिव्याच्या गोळ्याच्या चित्रावर जाळीचं चित्र आधीच गुणून ठेवायचं, मग तो गोळा जिथं टाकशील तिथं जाळीचे चौकोन पडतात, सावलीचा काहीच हिशोब न करता. तुझ्या गेममधल्या गल्ल्यांना मी असे दोन-तीन दिवे नक्की देईन, सोलापुरातली गल्ली आहे हे पाटी न वाचता कळेल.

आता अडखळण्याचं. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, त्यात सगळं बसवायचंय. तुझा फोन कागदावर ३६० बाय ८०० चा असला तरी पिक्सेल रेशो ३ असेल, म्हणजे कागदावरच्या एका पिक्सेलच्या रुंदीत स्क्रीनचे तीन खरे पिक्सेल, तर कॅनव्हास १०८० बाय २४०० होतो, जवळपास २६ लाख पिक्सेल. लाइटमॅप एवढा मोठा कशाला पाहिजे? उजेड मऊच असतो. तो दोन्ही बाजूंनी पाव कर, २७० बाय ६००, म्हणजे १ लाख ६२ हजार, सोळापट काम कमी, आणि मोठा करून टाकताना ब्राऊझर स्वतःच तो मऊ करतो, तेच आपल्याला हवंय. सावल्यांच्या कडा पण त्यामुळं जरा मऊ पडतात, वेगळा ब्लर लागत नाही. कडा धूसर करायला कॅनव्हासचा तयार शॅडो ब्लर किंवा फिल्टर वापरायचा मोह टाळ, एक तर ते महाग, आणि सफारीत तो फिल्टर बरीच वर्षं चालतच नव्हता. दुसरं, ग्रेडियंट दर फ्रेमला बनवू नको. एका कामात मला दुसऱ्याचा कोड दुरुस्त करायला आला होता, ४० दिवे आणि दर फ्रेमला ४० नवे ग्रेडियंट, साधा फोन दहा मिनिटांत तापायचा आणि मग गेम आणखीच मंदावायचा. प्रत्येक रंगाचा गोळा सुरुवातीला एकदाच छोट्या कॅनव्हासवर काढून ठेव आणि नंतर ड्रॉ इमेज या कॅनव्हासच्या आज्ञेनं लहान-मोठा करून टाकत रहा. तिसरं, हलत नाहीत ते दिवे, म्हणजे खांब, देऊळ, बंद दुकानांवरचे बल्ब, त्यांचा सावल्यांसकट एक कायमचा लाइटमॅप बनव, दर फ्रेमला फक्त हलणारे वर टाक. कॅमेऱ्याच्या बाहेरचे दिवे गाळ, पण गाळताना दिव्याचा मध्य बघू नको, त्रिज्या धरून बघ, नाहीतर स्क्रीनच्या कडेला उजेड टपकन नाहीसा होतो. एवढं करूनही पुरत नसेल तर मेन कॅनव्हासचा पिक्सेल रेशो २ वर थांबव, रात्रीच्या सीनमध्ये कुणाला कळत नाही.

फेजर किंवा पिक्सी या तयार लायब्ररी घेऊ का असं पण विचारलंयस. या गेमला गरज नाही असं माझं मत. उजेड पिक्सेलगणिक मोजायचा असेल, दगडावर दिव्याच्या दिशेनुसार चमक हवी असेल तर वेबजीएल, म्हणजे ब्राऊझरमधून ग्राफिक्स चिपकडून थेट चित्र काढून घ्यायची पद्धत, लागतं, तिथं नॉर्मल मॅप नावाचं जास्तीचं चित्र प्रत्येक स्प्राइटला द्यावं लागतं, आणि फेजर ३ मध्ये अशा दिव्यांची मर्यादा मुळात १० ची असते, सेटिंगमध्ये वाढवता येते. थ्रीडीत गेलास तर पॉइंट लाइटची सावली म्हणजे सहा दिशांना सहा वेळा सीन काढणं, म्हणून खांबाला स्पॉट लाइट आणि बाकी सगळा उजेड आधीच मोजून चित्रात भाजून ठेवलेला. पण ते पुढचं. तू ज्यासाठी विचारतोयस ते सगळं साध्या कॅनव्हासवर होतं.

संध्याकाळ कशी उतरवायची याबद्दल एक सांगायचं राहिलं. आपल्याकडं संधिप्रकाश फार टिकत नाही, जानेवारीत सहा-सव्वासहाला सूर्य मावळला की वीस-पंचवीस मिनिटांत अंधारतं, उत्तरेकडच्या देशांत तो बराच रेंगाळतो आणि तिकडचे गेम बघून आपण पण तसंच लांबलचक करतो. बेस रंगाचे चार-पाच मुक्काम ठरव, ऊन, सोनेरी, जांभळट, निळा, रात्र, आणि मधले रंग वेळेनुसार मिसळ. दिवे मात्र सगळे एकदम लावू नको. रस्त्याचे खांब एकदम लागतात कारण ते टायमरवर असतात. दुकानं त्याच्या आधी लागलेली असतात. घरांच्या खिडक्या मागंपुढं, प्रत्येक खिडकीला तिची तिची वेळ दे, पंधरा-वीस मिनिटांच्या आत कुठंही. रात्री विझताना पण तसंच, आणि दोन-चार खिडक्या उशिरापर्यंत चालू ठेव.

शेवटी टेस्टिंग. तू रात्री लॅपटॉपवर बसून रात्र बनवतोयस, आणि खेळणारा दुपारी उन्हात सिटी बसमध्ये फोनवर खेळणार, त्याला काहीच दिसणार नाही. महागड्या फोनच्या स्क्रीनवर काळा पूर्ण काळा असतो, स्वस्त फोनवर तोच काळा करडा दिसतो. म्हणून गेम सुरू होताना एक स्लायडर दे, अंधारात एक काठी काढ आणि सांग की ती जेमतेम दिसेल इतका उजेड ठेवा, आणि त्या आकड्यावरून बेस रंग वर-खाली कर. खेळायला ज्या गोष्टी दिसायलाच हव्यात, वाट, पायऱ्या, माणसं, त्यांची कड रात्रीत पण थोडी उजळ राहू दे, ती खऱ्यात नसते पण गेममध्ये पाहिजे.

सुरुवात मात्र अख्ख्या मैदानापासून करू नको. नवी रिकामी फाइल घे, एक खांब, एक भिंत, एक बाराबंदीवाला, आणि बाराबंदीवाल्याला बाणाच्या बटणांनी चालव. खांबाखालून जाताना सावली पायाशी येते का, भिंतीमागं गेला की विझतो का, नारिंगीतून निळ्यात जाताना कपडा रंग बदलतो का, हे तिन्ही जमेपर्यंत दुसरा खांब लावू नको. दुसरा लावलास आणि दोन सावल्या बरोबर पडल्या की मग ती फाइल मला दाखव, तलावाच्या पाण्याच्या पट्ट्यांचं कोड मी माझ्याकडचं देतो, ते तुझ्या काठाला कसं बसवायचं ते आपण बसून बघू.